पदरचा भोपळा

कामरगावाकडच्या आमच्या खेड्यात माही आंगणवाडी हाय. गेल्या वर्षी तिथं पुस्तकांचं एक खोकं आलं. जुन्या काळापासून आजपर्यंत नाव काढलेल्या बायांच्या गोष्टी, लेकरांसाठी. पानापानावर एक बाई. कोणी डॉक्टर झालेली, कोणी आभाळात इमान उडवणारी, कोणी कुस्ती खेळणारी, अन् एक समुद्र पोहून गेलेली.

माही एक खोड हाय. पुस्तकात हाय तेवढंच वाचणं मले जमत नाही. पदरचं तिखट-मीठ लावल्याबिगर माह्या तोंडून गोष्ट निघतच नाही. त्या पोहणारीच्या पानावर चारच ओळी होत्या अन् लेकरं चुळबुळ करून राह्यली होती. मंग मी ठोकून दिलं, "लहानपणी ती आपल्यासारख्याच गावच्या इहिरीत शिकली. पाठीले वाळला भोपळा बांधे अन् धपकन उडी मारे!" आमच्याकडचे पोट्टे असेच शिकतात. पोट्ट्या नाही शिकत, पण हे कोण सांगत बसते? लेकरं खूश. दिवाळीची सुट्टी म्हणून माही नऊ वर्षांची पोरगी मागं बसेल होती. तिचं तोंड उघडंच राह्यलं. मले वाटलं, वा गं मी!

दोन दिवसांनी दुपारी घरी आली, तं खुंटीवरचा भोपळा नव्हता. आता त्या भोपळ्यात आमी वालाचं बियाणं ठेवत होतो. बियाणं काढा-घालाले त्याच्या मानेपाशी भोक पाडेल, अन् भोकात चिंधीचा बोळा. पोहाचा भोपळा अख्खा लागते, भोकाचा चालत नाही. तिले हे कोण सांगणार? ताटात बियाणं निगुतीनं काढून ठेवेल होतं. बाजूले ते पुस्तक, पोहणारीच्या पानावर उघडं. 

बाप्पा! वावरातल्या इहिरीकडं कशी पळाली मी, मले माहीत नाही. एक चप्पल वाटेतच राह्यली. वावरात आमचं सोयाबीन निघून राह्यलं होतं, थ्रेशरचा एवढा आवाज की मी बोंबलली तरी तिच्या बापाले ऐकू जाणार नव्हतं. इहीर पायऱ्यांची हाय. वरून वाकून पाह्यलं तं भोपळा भरून बुडत आलेला, अन् पोरगी मोटारीच्या काळ्या पाइपाले दोन्ही हातांनी चिकटेल. फक्त डोकं वर. ती रडत नव्हती. त्याचंच मले जास्त भेव वाटलं.

मले पोहता येत नाही. आमच्या गावात कोणत्या बाईले येते? मी पायऱ्या उतरली. पाणी गुडघ्याले लागलं, मंग कंबरेले. शेवाळावर पाय घसरे. हात लांब केला, तं हातभर कमी पडला.

"पाइप सोड, इकडं ये!"

"नाही! मी बुडीन!"

"नाही बुडत व माय! मी हाय ना!"

"तुले पोहता येते?"

"येते! मस्त येते! सोड!"

एवढं खोटं मी जन्मात बोलली नव्हती. तिनं सोडला अन् माह्या हाताले नाही लागली तं? पुढचं मले सुचतच नव्हतं. अन् तिनं खरंच सोडला. मी पुढं झेपावली, पायाखालची पायरी गेली, खाली काहीच नाही. नाकातोंडात पाणी. कुठूनतरी तिच्या फ्रॉकची कॉलर हाती आली अन् दुसऱ्या हाताले भिंतीचा एक दगड. वर कशा आलो ते आजबी सांगता येत नाही. पायरीवर बसून दोघी पाणी ओकलो. मी पहिले तिले एक थापड मारली, मंग छातीशी धरून असा गळा काढला की विचारू नका.

ती दोन दिवसांत बरी झाली. माहं भेव तं तिथूनच सुरू झालं. तिनं गावभर सांगून टाकलं, "माह्या आईले पोहता येते!" पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर माहं चित्र काढलं. साडीत, गळ्याइतक्या पाण्यात, हसत. खाली लिहिलं, "माझी आई". आयाबाया कवतिक करत अन् मी मान खाली घालून उगी राहे. खरं सांगाची लाज वाटे. पण मले दिसून राह्यलं होतं, पोरीले आता इहिरीचं भेवच उरलं नाही. कुठीबी पडली तरी आई पोहत येईल, हे तिनं पक्कं धरलं होतं.

एक दिवस सकाळी तिनं मले हात धरून इहिरीवर नेलं. कोणाच्या तरी घरून आणलेला अख्खा भोपळा पाठीले बांधेल. वरच्या काठावर उभी राह्यली.

"आई, तू खाली जाऊन थांब. मी उडी मारते."

मी तिचा दंड घट्ट धरला.

"थांब! मागं सरक पहिले. मले पोहता येत नाही. तो भोपळाबी पुस्तकात नाही, मीच घुसवला."

ती काठावरून मागं सरकली. मंग पाठीची गाठ तिनं हळूच सोडली.

"पोहता येत नाही, तं त्या दिवशी तू पाण्यात आलीच कशी?"