मागेच जाणारी गाडी

आमच्याकडे फौजेतून परत आलेला माणूस हवालदार असो की स्वयंपाकी, गावाच्या लेखी तो मेजरच. तसा मीही मेजर झालो, फक्त डावा पाय गुडघ्याखाली सरहद्दीवर ठेवून आलो. पुण्याच्या इस्पितळात लाकडी पाय मिळाला. त्यावर चालता येई, पण क्लच दाबता येत नसे. पेडल किती दबलं हे लाकडाला काय कळणार? त्यामुळे कोरेगावात मी वर्षभर धाकट्या भावाच्या जीपमध्ये बोचक्यासारखा बसून हिंडलो. कुठे जायचं ते तोच ठरवायचा, आणि चहाला कुठे थांबायचं तेही.

मग एक जुनी अमेरिकन गाडी विकायला असल्याचं कळलं. लांबीला बैल जुंपलेल्या गाडीएवढी, पण क्लच नाही. गिअर आपोआप पडायचे. बायको म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. तरी मी घेतली आणि दोन वर्षं राजासारखा फिरलो. मेढ्याच्या चढावरही ती कधी कुरकुरली नाही.

एका सकाळी ती पुढे जाईनाच. गिअरचा दांडा पुढे जायच्या ‘डी’वर टाकला की इंजिन नुसतं ओरडे. रिव्हर्स टाकला की मात्र सुतासारखी मागे जाई. मी अंगणातून रस्त्यापर्यंत मागे मागे आलो, तर पारावरचे एक आजोबा म्हणाले, “आरं मेजर, फौज माघार घेत न्हाई म्हनत हुतास की!” सगळा पार हसला. मी नाही हसलो.

साताऱ्याहून मेकॅनिक आणला. खाली वाकून त्याने निकाल दिला, “ह्ये समदं काढून टाकू. जीपचा गिअरबॉक्स बसवू, झ्याक क्लच देतो.”

रोगापेक्षा इलाज भयंकर. मी विजारीवरून पायावर काठी ठोकली. ठक्‌ असा आवाज झाला. “आन्‌ ह्यो दाबनार व्हय तुजा क्लच?”

मेकॅनिक गोरामोरा झाला. भाऊ मायेने म्हणाला, “दादा, जाऊ द्या की. जीप हायच. मी न्हेतो तुमास्नी.” ती मायाच मला नको होती. पुन्हा बोचकं व्हायचं नव्हतं.

सांगलीत असल्या गाड्या उघडणारा एक मिस्त्री आहे असं ऐकलं होतं. रिकामा ट्रक बांधाला लावला, फळ्या टाकल्या, आणि गाडी रिव्हर्समध्ये आपल्या पायांनी ट्रकवर चढली. तेवढं एकच काम तिला येत होतं.

मिस्त्री साठीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. “मागं जाती?” त्याने विचारलं.

“फकस्त मागंच जाती,” मी चिडून म्हणालो.

“मग लय ब्येस. मागं जाती म्हंजे तेलाचा पंप जिता हाय. त्यो मेला असता तर मागंबी गेली नसती. पुडं न्हेनाऱ्या प्लेटा तेवड्या धरंनात.”

गावात जिचं हसं झालं, तीच खोड इथे शुभशकुन निघाली. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उघडला. प्लेटा दाबणारी रबराची कडी पापडासारखी कडक होऊन तडकली होती, आणि तेलाचा सगळा दाब तिथून निसटत होता. तसली कडी मिळणार कुठे? मिस्त्रीने छापखान्यातला एक जुना रूळ आणला आणि लेथवर त्याच्या रबराची तशीच कडी कापली. “शाई पिऊन मुरल्यालं रबर हाय, तेलानं फुगायचं न्हाई.”

जोडणी झाली, तांबडं तेल भरलं. कुठलाही मेकॅनिक आधी स्वतः गाडी चालवून बघतो. याने किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. “गाडी तुमची, तुमीच चालवा.”

दांडा ‘डी’वर टाकला. हलका धक्का बसला आणि गाडी पुढे सरकली. मी एवढ्याने ओरडलो की समोरच्या वखारीत हळदीच्या पोत्यांवर बसलेले हमाल उठून उभे राहिले.

मिरजेच्या रस्त्याला लागलो. मिस्त्री डोळे मिटून गिअर ऐकत होता. पहिला गेला, दुसरा पडला, त्याने मान डोलावली. तिसऱ्याला मान हललीच नाही. वाकून पाहिलं, तर तो घोरत होता.

पाय गेल्यापासून माझ्या शेजारी बसणारा प्रत्येक जण दार घट्ट धरून बसायचा. बायको तर घर येईपर्यंत देवाचं नाव घ्यायची. आणि हा माझ्या भरवशावर तोंड उघडं टाकून झोपला होता. मला रडूच आलं. मिरज आली आणि गेलीसुद्धा, पण त्याला उठवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी गाडी तशीच पुढे नेली.