शमाभाभींनी केलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट

मंचरला जुन्या हायवेच्या कडेला, कांद्याच्या वखारी संपल्या की सत्तारभाईंचं वर्कशॉप लागतं. ट्रक, टेम्पो, पिकअप यांच्या पोटाखालून गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब नळी फिरत जाते, तिला शाफ्ट म्हणतात. वाकलेला शाफ्ट सरळ करायचा, तुटला असेल तर नवा बनवायचा आणि फिरताना तो थरथरू नये म्हणून मशीनवर बॅलन्स करायचा, एवढंच काम इथं चालतं. पाटीवर नाव सत्तारभाईंचं आहे. पण ड्रायव्हर खाली उतरला की पहिलं विचारतो, "भाभी हायेत का?"

शमाभाभी मूळच्या जुन्नरच्या. त्यांचे वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. लहानपणी भाभी त्यांच्याशेजारी बसून असायच्या. मोटार चालू झाली की बेअरिंग गेलंय की राहिलंय, हे बापलेक नुसतं ऐकून सांगायचे आणि कोण आधी सांगतं याची पैज लावायचे. लग्न होऊन मंचरला आल्या तेव्हा पुढं वर्कशॉप, मागं घर. पुढच्या भागात त्या फक्त चहा घेऊन यायच्या.

मग एका कांद्याच्या हंगामात सत्तारभाईंचा हात मोडला. गाड्यांची रांग लागलेली. भाई हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसले आणि सांगत राहिले, भाभी मशीन चालवत राहिल्या. वेल्डिंगचा पहिला टाका इतका वाकडा पडला की ड्रायव्हरसकट सगळे हसले, भाभीही हसल्या. पुढं प्लास्टर निघालं, पण भाभी काही मशीनवरून उठल्या नाहीत. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली. सासूबाईंनी ती एका वाक्यात मिटवली. "भाकरी मी थापीन, तिला तिचं काम करू द्या," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून नवरा-बायको एकाच छपराखाली काम करतात आणि जमेल तेवढं भांडतात. भांडण शाफ्टवरूनच असतं. घरातलं भांडण करायला त्यांना सवड मिळत नाही.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या दारात एक लाल गाडी येऊन थांबली. दोनच दारं, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, परदेशातून कधीकाळी आलेली जुनी स्पोर्ट्स कार. चालवत होती पिंपरी पेंढारच्या संपत भाऊंची मुलगी स्नेहल. ती चाकणला गाड्यांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. शेजारच्या सीटवर स्वतः संपत भाऊ, गुडघे छातीशी घेऊन. त्यांना बाहेर काढायला सत्तारभाईंना दोन्ही हात द्यावे लागले.

"ट्रॅक्टरवर चढायला जिना लागत न्हाई मला, पण हिच्यातून निघायला माणूस लागतो," संपत भाऊ कंबर सरळ करत म्हणाले.

गाडीखालून खडखड येत होती. मूळचा शाफ्ट दोन तुकड्यांचा होता आणि ते तुकडे जिथं जुळतात तिथलं मधलं बेअरिंग पार खलास झालं होतं. तसं बेअरिंग इथं मिळत नव्हतं. शिवाय स्नेहलला ते नकोच होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एका बंद पडलेल्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती होत्या आणि तिनं नाव दिलं होतं. तिचं म्हणणं असं की मधला सांधा काढून टाकू आणि सलग एकच शाफ्ट बसवू. वजन कमी होईल, पाय दाबला की ताकद थेट चाकांपर्यंत जाईल, आणि बिघडायला एक भाग कमी राहील.

सत्तारभाईंना हे मनापासून पटलं. त्यांच्या मते जेवढे सांधे कमी तेवढी कटकट कमी. भाभींनी गाडीखाली जाऊन शाफ्टची जागा पाहिली. बाहेर येऊन म्हणाल्या की खाली जागा अरुंद आहे, जाड नळी मावणार नाही. बारीक आणि लांब नळी जोरात फिरली की मधोमध तिचं पोट सुटणार आणि गाडी थरथरणार. म्हणून तर कंपनीनं तिथं बेअरिंग दिलेलं.

स्नेहलनं लॅपटॉप काढून गणित केलं. नळीची भिंत जाड घेतली तर काम भागेल असं उत्तर आलं. मात्र जागेचं माप तिनं अंदाजानं धरलं होतं, हे तिनं स्वतःच सांगितलं. शेवटी सत्तारभाईंनी एकच शाफ्ट बनवला आणि तो खरोखर देखणा झाला. भाभींनी मशीनवर तो बॅलन्स केला, त्यात त्यांनी कसूर ठेवली नाही.

नारायणगावच्या बायपासवर गाडी पळवून बघायची ठरली. स्नेहल चालवायला, शेजारी सत्तारभाई, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर भाभी आडव्या बसलेल्या. संपत भाऊ वर्कशॉपमध्येच थांबले. ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. सत्तारभाई आरशातून भाभींकडं बघून मान डोलवत होते. शंभराच्या पुढं काटा गेला तशी खालून बारीक गुणगुण सुरू झाली आणि त्या आरशातलं भाभींचं तोंड थरथरायला लागलं. स्नेहलनं वेग कमी केला.

शर्यतीत तिला यापेक्षा कितीतरी जोरात जायचं होतं. परत आल्यावर सत्तारभाई बॅलन्सिंगला दोष देऊ लागले. भाभींनी शाफ्ट उतरवून त्यांच्यासमोर पुन्हा मशीनवर लावला. बॅलन्स जागच्या जागी होता. नळीच कमी पडत होती.

भाभींनी मग स्नेहलला जवळ बसवून वेगळंच विचारलं. "शर्यत वर्षातनं एकदा. बाकी वर्षभर गाडी कुठं चालवणार हायेस तू?"

स्नेहल म्हणाली की शनिवारी चाकणहून गावाला, सोमवारी परत. आणि बाबांना फिरवायचंय. जन्मभर त्यांनी मालाच्या गाडीत बसूनच प्रवास केलाय.

"मंग तुझ्या गाडीला दोन तुकडेच बरे," भाभी म्हणाल्या. "जड व्हईल थोडी, पण बापाची हाडं शाबूत राहतील."

स्नेहलला वाईट वाटलं, कारण आकड्यांवर तिचा जीव होता. पण थरथरता आरसा तिनंही पाहिला होता. ती हसली आणि म्हणाली, "करा चाची. तुमी म्हणाल तसं."

मूळचं बेअरिंग मिळत नव्हतं म्हणून भाभींनी पिकअपचं घेतलं. ते बसवायला नवी पट्टी कापली, भोकं पाडली, दोन छोटे शाफ्ट करून जोडले. स्नेहलनं या वेळी अंदाज न करता गाडीखाली झोपून मापं घेतली आणि सुट्टीचे दिवस वर्कशॉपमध्येच काढले. संपत भाऊ शेतातले टोमॅटो आणि घरची शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे. ते दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गाडी आपल्या पोरीची आहे असं सांगत बसायचे.

गाडी पुन्हा बायपासवर गेली. वेगात सगळं शांत. या वेळी आरशातून भाईंकडं बघून भाभींनी मान डोलवली. मग परतीला एका चौकात गाडी थांबली आणि निघताना अंगात ताप भरल्यासारखी हुडहुडली. पुढच्या चौकातही तसंच झालं. आता आरशातून बघायची पाळी सत्तारभाईंची होती.

भाभींना कारण सापडेना. त्यांनी सांध्यांमधले क्रॉस बदलून पाहिले, बॅलन्स पुन्हा तपासला, दोन रात्री नीट जेवल्या नाहीत. शेवटी सत्तारभाई स्वतःच गाडीखाली सरकले. बराच वेळ पडून राहिले. बाहेर येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं की मधलं बेअरिंग थोडं उंच बसलंय, त्यामुळं जोर पडला की सांध्याचा कोन बिघडतो. वर पातळ पट्ट्या घालून ते खाली घ्यावं लागेल. एरवी त्यांनी हे सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही. भाभींनी पट्ट्या कापल्या, भाईंनी घातल्या. गाडी चौकातून अशी निघाली की मागच्या सीटवर ठेवलेला टोमॅटोचा क्रेटसुद्धा हलला नाही.

स्नेहलनं चावी भाभींच्या हातात दिली. भाभी वर्कशॉपची पिकअप चालवायच्या, पण असली गाडी कधी नाही. वारूळवाडीपर्यंत त्या एकदम सावकाश गेल्या. पुढं मोकळा रस्ता लागला तशी गाडी पळाली. परत आल्या तेव्हा डोक्यावरची ओढणी मानेवर आली होती, आणि उतरल्यावर त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. कशी आहे विचारल्यावर म्हणाल्या, "लई गुणाची हाय."

शर्यतीला सगळे गेले. स्नेहल तिच्या गटात सहावी आली आणि त्यात खूश होती, कारण शेवटच्या नंबराची तयारी करून ती गेली होती. सत्तारभाईंनी पहिल्या नंबरच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि ते धावत भाभींकडं आले. तिला सलग एकच शाफ्ट होता.

भाभींनी विचारलं, ती गाडी इथवर आली कशी.

भाईंनी मागं वळून पाहिलं. पहिल्या नंबरची गाडी ट्रेलरवर चढवत होते. ती गाडी रस्त्यावर चालवतच नाहीत, असं तिच्या मालकानं सांगितलं. तो बोलका माणूस होता. भाभींनी त्याला नळी केवढी जाड, कशाची, किती लांब, सगळं विचारून घेतलं आणि भाईंना तिथंच उभं करून तासभर गप्पा मारल्या. स्नेहल त्या आधीच निघाली होती. संपत भाऊ तिच्या शेजारी बसले होते आणि राजगुरुनगरच्या अलीकडंच त्यांना झोप लागली, असं तिनं नंतर फोनवर सांगितलं.

पावसाळ्याआधी पुण्याच्या एका माणसानं फक्त शर्यतीसाठी ठेवलेली गाडी मंचरला पाठवली. तिच्याखाली जागा भरपूर होती. भाभींनी ती पाहिली आणि सलग एकच शाफ्ट बनवायला घेतला, जाड नळीचा. भाभींना आपलं म्हणणं अखेर पटलं, असं सत्तारभाईंनी वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. भाभी तेव्हा वेल्डिंग करत होत्या. त्यांनी ऐकलं, चष्मा नाकावर खाली केला, आणि चहा इकडंही पाठवा म्हणाल्या.