वरची फळी

ऑस्मो काही बोलघेवडा गडी नव्हे. जन्मभर ओंडक्यांचा ट्रक हाकला, त्यात बोलायचं कुणाशी? बायकोशीही तो खरं बोलायचा ते शनिवारी सौनात, म्हणजे घरच्या लाकडी वाफेच्या खोलीत, वरच्या फळीवर बसून. हिल्का तापलेल्या दगडांवर पाणी टाकायची, चर्र व्हायचं, वाफ अंगावर यायची, आणि आठवड्याचे रुसवे नि मनातले सल मोकळे व्हायचे.

वसंतात ऑस्मोला अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग लुळं पडलं. घसरून पडेल म्हणून त्याला सौना बंद. शनिवारी हिल्का एकटी आत जायची, हा बाहेरच्या खोलीत बसून दाराआडचं ते चर्र ऐकायचा. जीव नुसता तुटायचा.

घरी व्यायाम करून घ्यायला यान्निका यायची, फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "ऑस्मो, काय जमायला हवंय तुम्हाला?"

"नीट चालायला."

उघड्या अंगाने बायकोशेजारी बसायचंय, हे परक्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार? मग तीही बिचारी उन्हाळाभर त्याला टपालपेटीपर्यंत चालवत राहिली. पेटीत निघायचं काय, तर जाहिराती!

पानं पिवळी पडली तसा त्याचा धीर सुटला. "खड्ड्यात गेलं टपाल! मला सौनाच्या फळीवर चढायचंय."

"अहो, मग आधी नाही का बोलायचं!" यान्निका तडक सौना बघायला गेली. "तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो. इथे हाताशी काय, तर तापल्या दगडांची शेगडी." तिने भिंतीला लाकडी दांडा बसवून घेतला. मग रोज हात न टेकता खुर्चीतून उठायचं, दांडा धरून बुटक्या स्टुलावर चढायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा.

"ट्रक चढावर घालताना एवढं कुंथत नव्हतास," हिल्का चिडवायची.

पहिला बर्फ पडला त्या शनिवारी यान्निकाने परवानगी दिली, पण खालच्या फळीपुरतीच. "तिथे वाफ कमी, पोरंटोरं बसतात," ऑस्मो करवादला. तरी दांडा धरून आत शिरला.

वरच्या फळीवर बादल्या पालथ्या घातल्या होत्या. हिल्काचा टॉवेल खालच्या फळीवर अंथरलेला होता.

"तू वर बसत नाहीस?"

"एकटी वर बसून काय भिंतीशी बोलू? बस इथे."

तो बसला. तिने पाणी टाकलं. इतक्या महिन्यांचं साचलं होतं. आधी हिल्काच बोलली.

"फार घाबरले होते रे मी."