चहाच्या पेटीतले पाय

मेहुण्याच्या नव्या चहापत्तीच्या दुकानात, गल्ल्यामागच्या अख्ख्या भिंतीवर, चहा पायांनी तुडवणाऱ्या माणसांचं चित्र मी लावलं. तेही उद्घाटनाच्या दिवशी.

दुकान चाळीसगावात. मेहुणा आजवर दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधत होता. हे चाललं नाही तर परत त्याच मालकापुढे जाऊन उभं राहायचं, आणि मालक काही गोड माणूस नव्हता. म्हणून तो म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला चित्रातलं कळतं. भिंतीसाठी काहीतरी भारी बघा." मला चित्रातलं कळतं ही अफवा सासरी मीच पसरवली होती.

नेटवर मला जुनी चिनी चित्रं सापडली. तिथले चित्रकार गोऱ्या व्यापाऱ्यांसाठी चहाच्या धंद्याची चित्रं काढायचे. पानं खुडणाऱ्या बाया, कढईत पानं परतणारे गडी, तराजू, बंदरातली जहाजं, सगळं एकाच चित्रात. जळगावातून मी त्याचा फ्लेक्स करून आणला. मधोमध काही गडी डोक्यावरच्या आडव्या बांबूला धरून लाकडी पेट्यांत उभे होते. मला ते फार जिवंत वाटले.

पूजा झाली, नारळ फुटला, फुकटचा चहा फिरला. दुकान माणसांनी भरलं. तेवढ्यात सासूबाईंची थोरली बहीण, आमची अक्का, कप हातात धरून भिंतीपाशी आली.

"भाऊ, ह्या लोके पेटीमा उभा राहीसन काय करी राह्यनात?"

'माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण इतकी माणसं ऐकत असताना मी गप्प बसणं शक्य नव्हतं. "अक्का, चहा दाबून भरतायत. तेव्हा यंत्रं नव्हती. पायांनीच तुडवायचे."

अक्कानं हातातल्या कपाकडे पाहिलं. "पाय धुयेल शेतस का त्यासना?"

मी चित्राजवळ जाऊन नीट पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "धुतलेत का, ते चित्रावरून कळत नाही."

मागे दोघा-तिघांनी कप खाली ठेवले. मी सावरायला गेलो. "खळ्यावर बैल ज्वारी तुडवायचे की नाही? आपण खाल्लीच ना?"

"बैलपोयाले आम्ही बैलनी पूजा करतस," अक्का म्हणाली. "ह्यासनी कोन करी?"

तिनंही कप ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. एकानं बांधून झालेली पुडी हळूच परत सरकवली. मेहुणा माझ्याकडे बघत नव्हता, तेच जास्त लागलं.

मी धावत जाऊन मालाची खोकी आणली आणि भिंतीशी रचली. पाय झाकले, पेट्याही झाकल्या. उरली नुसती कमरेवरची माणसं, हात वर करून डोलणारी.

नव्यानंच आत आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काय हो, ही वरात कोणाची?"

"वरात नाही," मेहुणा शांतपणे म्हणाला, "आपला चहा प्यायलेत."

दुकान हसलं. अक्काही हसली आणि तिनं गार झालेला कप उचलून संपवला. सरकवलेली पुडी पुन्हा पिशवीत गेली. मलाही जरा हुरूप आला. खाकरून मी म्हणालो, "आता खरं सांगायचं तर, हे लोक..."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "एक खोकं उरलंय. तुमच्या तोंडापुढं ठेवू का?"