कतारच्या मैदानाला पाणी कोण घालतं?

कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर सोनुबाई लॉन सांभाळायची. पाणी घालायचं, तण उपटायचं, पाहुण्यांनी टाकलेली बाटल्यांची झाकणं वेचायची. बाईला एक खोड होती. नवीन काही दिसलं की विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. पोहण्याच्या तलावातलं पाणी निळं कसं, मश्रूम झाडाला लागतं की वेलीला, काहीही. मॅनेजर देवव्रत कधी हसून सांगायचा, कधी "सोनुबाई, कामाला लागा" म्हणून टाळायचा.

फुटबॉलचा वर्ल्ड कप कतारला झाला, त्या हिवाळ्यात देवव्रतनं हॉलमध्ये मोठा पडदा लावला. दुपारच्या मॅचला पाहुणे जमले. सोनुबाई दारातलं पायपुसणं झटकायला आली आणि तिथंच खिळली. चेंडू कुठं चाललाय इकडे तिचं लक्षच नव्हतं. ती गवत बघत होती. एवढं दाट, एकसारखं गवत तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"कुठलं गाव हाय ह्ये?" तिनं जवळच्या पाहुण्याला विचारलं.

"कतार. आखातातला देश. सगळं वाळवंट."

"म्हंजी नदीकाठची वाळू?"

"नदीच नाही तिथं. उन्हाळ्यात एवढं तापतं की वर्ल्ड कप मुद्दाम थंडीत घेतलाय. आणि स्टेडियमला एसी."

"उघड्या मैदानाला एसी? आनि पानी कोन घालतं तिथं?"

पाहुणा उत्तर देणार तोच गोल झाला, सगळे ओरडत उठले आणि सोनुबाईचा प्रश्न तसाच राहिला.

तो तिच्या डोक्यातून काही जाईना. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, तरी एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते, एक दिवस पाइप फिरवला नाही तर गवत पिवळं पडतं. मग जिथं नदी नाही तिथं हे कसं जमतं?

पुढच्या आठवड्यात खोल्यांचे एसी दुरुस्त करायला नेरळचा याकूब आला. त्याची काही वर्षं कतारमध्येच गेली होती. देवव्रतनं सोनुबाईला हाक मारली. "या, तुमच्या प्रश्नांचा माणूस आलाय."

याकूब शिडीवर, सोनुबाई खाली. तिनं तोच पाण्याचा प्रश्न त्याला टाकला.

"पानी समुद्राचं, मावशी. खारं पानी मशिनीत घालून गोडं करतात," तो म्हणाला. "गवताखाली नळ्या असतात. आनि खुर्च्यांच्या खालून गार हवा सोडतात. ती जड असते, खालीच राहते."

"तुमी बसवलं ते?"

"एका मैदानाच्या गार हवेच्या नळांना मीपन हात लावलाय."

सोनुबाईला भलतंच नवल वाटलं. ज्या माणसाच्या शिडीला ती हात लावून उभी होती, त्यानं पडद्यावरच्यासारखं मैदान गार केलं होतं!

"मंग बांधताना तुमाला लागायची का ती गार हवा?"

याकूब शिडीवरून उतरला. हातातल्या पान्यावरचं तेल पुसत राहिला.

"बांधून होईपर्यंत कुठली गार हवा? बाहेर लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. खोलीत माझ्या शेजारी नेपाळचा एक पोरगा होता, वीरबहादूर. एका रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाय. हृदय बंद पडलं, असं कागदावर लिहिलं. उन्हाचं नाव कुनी काढलं नाय."

देवव्रत एसीचा रिमोट घेऊन उगाच बटणं दाबत होता.

"मंग कुनी बोललं नाय?" सोनुबाईनं विचारलं.

"बोलले ना. परदेशातल्या पेपरवाल्यांनी लावून धरलं. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर काम करायचं नाय, असा कायदा होताच तिथं. पुढं तो आनखी कडक केला, तास वाढवले. सगळीकडे पाळायचे असं नाय, पन आमच्या साइटवर भोंगा वाजला की सावलीत."

"दुपारी काम बंद? वाळवंटात?"

"वाळवंटातच."

एप्रिल आला. भर उन्हात सोनुबाई आणि तिच्याबरोबरची कोंडी पाइप ओढत होत्या. कोंडीला गरगरलं, ती मटकन खाली बसली. सोनुबाईनं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, तिला करंजाच्या सावलीत नेलं आणि सरळ ऑफिस गाठलं.

"साहेब, कतारात दुपारी काम बंद असतं. हितं का नसतं?"

देवव्रत गोंधळला. "सोनुबाई, तो देश वेगळा. इथं पाहुण्यांना लॉन हिरवं लागतं."

"त्येंना पन लागतंच की. जगाला दाखवायचं होतं त्येंना."

देवव्रत उठून बाहेर आला. कोंडी अजून डोळे मिटून पडली होती. त्यानं तिथूनच मालकांना फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं, सकाळी लवकर सुरू करून उन्हं चढायच्या आत थांबायचं, राहिलेलं पाणी उन्हं कलल्यावर. पगार तोच. मात्र लॉन वाळलं तर पुन्हा विचार करू, असं मालकांनी बजावलं.

लॉन कडेकडेनं जरा पिवळं पडलं. एका पाहुणीनं तक्रारही केली. देवव्रतनं तिला कलिंगडाचा रस दिला आणि विषय बदलला.

मे महिन्यात याकूब पुन्हा आला तेव्हा दोघी सावलीत बसल्या होत्या. तोही टेकला. आखातातल्या दुसऱ्या एका देशातून बोलावणं आलंय, म्हणाला. तिथंही मोठमोठी मैदानं बांधणार आहेत.

"जानार?"

"ठरत नाय, मावशी. पैसा हाय. पन ऊनबी तेच हाय."

सोनुबाई त्याच्याकडे सरकून बसली. "तिथं झाडं कसली असतात रं? पक्षी येतात का? आनि लोकं दुपारी जेवतात काय?"

याकूब हसला आणि आठवून आठवून सांगू लागला.