अनुक्रमणिकेपुरतं वाचलेलं पुस्तक

झाशीच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात मी नोकरी केली, आणि तिथल्या वार्षिक पत्रिकेतलं एक पान वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. आपल्या पदवीधरांनी वर्षभरात लिहिलेली नवी पुस्तकं, प्रत्येकाबद्दल चार ओळी, हिंदीत. कथा-कविता माझ्या पानावर येत नसत, ते खातं हिंदी विभागाचं. माझ्याकडे यायची ती खऱ्याखुऱ्या गोष्टींची पुस्तकं. एका इंजिनियरसाहेबांचं धरणांवर, एका डॉक्टरांचं मधुमेहावर, एका वकिलांचं समथरच्या जुन्या बाजारावर, बबीन्याच्या छावणीत राहिलेल्या एका फौजी बाईंचं नवऱ्याच्या बदल्यांवर. लोकांना वाटतं पुस्तकं लिहिणारे सगळे पुण्यातच जन्मतात. अहो, आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की आधी गुडघे दाखवून येतो आणि मग पुस्तक लिहायला बसतो.

आता खरं सांगून टाकते. त्यातलं एकही पुस्तक मी पूर्ण वाचलं नाही. मागचं वेष्टन, अनुक्रमणिका, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, की झालं माझं टिपण तयार. "शितावरून भाताची परीक्षा," असं वर ऐटीत सांगायचे. अनुक्रमणिका मात्र बारकाईने बघायचे, कारण पहिली ओळ ठरलेली असे: इतकी पाने, इतके अध्याय. आकड्यात कुणी चूक काढलेली मला खपत नसे. वीस वर्षांत कुणी काढलीही नाही.

माझी एक मैत्रीण होती, आहे. एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. तीही आमच्यासारखीच, पेशव्यांच्या काळात कारकुनी करायला इकडे आलेल्या आणि इथेच राहिलेल्या मराठी घरातली. तिनं झाशी-गुरसरायच्या मराठी बायकांवर पुस्तक लिहिलं. लिहिलं हिंदीत, कारण मराठीत लिहिलं तर वाचणार कोण? आमची मुलं मराठी ऐकतात आणि "हाँ मम्मी" म्हणतात. दोन वर्षं ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांशी बोलत होती. आमच्याकडे प्रेम नगरलाही यायची, माझ्या आईशी गप्पा मारायला. मी ऑफिसात असताना यायची. संध्याकाळी आई सांगे, "ती येऊन गेली गं." मी म्हणे, "बरं झालं, तुझा वेळ गेला."

आई मूळची गुरसरायची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन झाशीला आली. मॅट्रिक झालेली होती, एवढंच मला ठाऊक. म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली, मग डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं झालं आणि वाचणं बंद पडलं. टीव्हीसुद्धा ती ऐकायची.

पुस्तक छापून आलं तेव्हा मैत्रिणीनं दोन प्रती आणून दिल्या. एक पत्रिकेसाठी, एक घरासाठी. "निवांत वाच," म्हणाली, "आणि वाचून झालं की मला फोन कर." मी म्हटलं, "करते की." माझ्या टेबलावर तेव्हा अकरा पुस्तकं पडलेली होती. तिचं टिपण मी दहा मिनिटांत लिहिलं. आठ अध्याय. शेवटच्याचं नाव 'तिसऱ्या वर्षाचा फॉर्म', म्हणून चौथी ओळ लिहिली, "लेखिका ने स्त्री-शिक्षा पर भी प्रकाश डाला है." वाक्य बरं वाटलं. तेच मी आधी दोन पुस्तकांना लावलं होतं.

त्या आठवड्यात आईनं विचारलं, "वाचलंस का गं?"

"वाचतेय."

दोन दिवसांनी परत. "झालं वाचून?"

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "हो गं आई, झालं."

"शेवटचं पण?"

"शेवटचं पण."

"मग?"

"छान आहे."

"बस, छान?"

"आई, छान आहे म्हटलं ना, अजून काय म्हणू? वाढू का तुला?"

"वाढ," ती म्हणाली. वरण थोडं अळणी होतं, तेही ती बोलली नाही. मला वाटलं, भूक नसेल.

पुढच्या वर्षी आई गेली. झोपेत गेली. लोक म्हणाले, पुण्यवान. आणि मीही तसंच म्हणत आल्यागेल्यांना चहा देत राहिले.

नंतर त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आणि नियमाप्रमाणे माझ्या टेबलावर आली. मी जुनं टिपण काढलं. म्हटलं, पानांचा आकडा बदलू, सोडून देऊ. अनुक्रमणिका मोजली तर सात. परत मोजली. सातच. जुन्या टिपणात आठ. माझा आकडा चुकला होता की काय? अंगावर काटाच आला. कसली बाई मी, काटा आला तो आकड्यासाठी! घरी येऊन कपाटातून पहिली आवृत्ती काढली. आठ होते, माझं बरोबर होतं. गळालं होतं ते शेवटचं प्रकरण. का गळालं ते बघावं म्हणून उभ्या उभ्या पान उघडलं.

गुरसरायच्या एका काकूंची हकीकत होती. नाव नव्हतं. या काकूंनी चाळिशी उलटल्यावर घरात कुणाला न सांगता प्रायव्हेट बी.ए.चा फॉर्म भरला. लेकीची एक मैत्रीण नोट्स आणून द्यायची. दुपारी घर रिकामं असलं की अभ्यास, आणि परीक्षेच्या वेळी "भावाची तब्येत बरी नाही" म्हणून माहेरी जायचं, कारण केंद्र गुरसरायचं मिळालेलं. पहिलं वर्ष पास. दुसरं वर्ष पास. आमच्या मामाला दोन वर्षं लागोपाठ उन्हाळ्याच्या तोंडावरच कसं काय व्हायचं, हे मला कधी सुचलं नाही.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्मही भरून, फोटो चिकटवून ठेवलेला. उद्या द्यायचा. त्या संध्याकाळी लेक नव्या नोकरीवरून घरी आली आणि जेवताना हसत सांगू लागली, आज एक आजीबाई बी.ए.चा फॉर्म घेऊन चुकून ग्रंथालयात आल्या होत्या, नातवंडं खेळवायचं वय, त्यांच्या मुलांना किती लाज वाटत असेल! सगळे हसले. काकूही हसल्या. फॉर्म मग दिलाच नाही.

मला तो विनोद आठवतो. चांगला आठवतो, कारण मी तो पुष्कळदा सांगितला. लग्नाआधी सांगितला, लग्नानंतर सासरी सांगितला. आजीबाईंची नक्कलसुद्धा करायचे, पदर सावरत, चष्म्यावरून बघत. मेली माझी जीभ.

शेवटच्या परिच्छेदात होतं: काकू म्हणतात, लेकीला मी तोंडाने नाही सांगू शकणार, आमच्या घरात अशा गोष्टी बोलायची रीत नाही. पण ती पुस्तकांतच असते, छापलेलं वाचेल. वाचून तिनं विचारलं, तर सांगेन गुणपत्रिका कुठे आहेत ते.

मी विचारलं नव्हतं. मी वाढू का विचारलं होतं.

आईची ट्रंक उपसली. शालूच्या घडीत सापडलं सगळं. दोन गुणपत्रिका, आणि तो फॉर्म. फोटोत आईनं दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलाय आणि सरळ समोर बघतेय. खाली सही, मराठी वळणाची, ठसठशीत. मी तिथेच फरशीवर बसून रडले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय?

मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "आत्ता वाचलं."

ती म्हणाली, "काकू तर म्हणाल्या, तू वाचलंस."

"खोटं बोलले मी. वाचलंच नव्हतं. पण ते प्रकरण तू काढलंस का?"

"त्यांनीच काढायला लावलं. तू छान आहे म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, वाचलं तिनं, पण काही बोलली नाही. तिला लाज वाटली असणार. पुढच्या वेळी नको छापूस बेटा, उगाच तिला ऑफिसात कुणी काही म्हणेल."

मी म्हटलं, "परत छाप. मी सांगतेय, परत छाप. माझं नाव घालून छाप, आईचं घालून छाप."

"शब्द दिलाय त्यांना," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच दिलाय. आता तू सांगून तो कसा मोडू?"

मी भांडले, खूप भांडले. तिनं ऐकलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं.

त्या वर्षीचं पान द्यायची तारीख जवळ आली होती. पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, नोकरीत पहिल्यांदाच. मग टिपण लिहिलं. ती 'स्त्री-शिक्षा'वाली ओळ खोडली. पहिली ओळ नेहमीसारखी ठेवली, आणि त्यात लिहिलं, सात अध्याय. आकडा बरोबर होता. कुणी चूक काढली नाही.