केतच्या नावाचं कासव

आमच्या हापिसात केतशी कोणी भांडत नाही, कारण ती भांडतच नाही. समोरचा बोलबोल बोलतो, ती चिखलाचे बूट काढत बसते, आणि बूट निघाले की म्हणते, "झालं तुझं? आता माझं ऐक." तिचं पूर्ण नाव केत्सरिन. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरी म्हातारी आई. मी तिच्याहून लहान, म्हणून तिला पी केत म्हणतो. पी म्हणजे ताई. माझं नाव उआन, म्हणजे जाड्या. हे नाव मला सख्ख्या आईनं ठेवलंय, तेव्हा इतरांना बोलण्यात अर्थ नाही.

आमचं काम असं. बांगपाकोंग नदीच्या पूर्वेला कुठलीतरी कंपनी जमीन घेते, तिथं कारखाना नाहीतर गोदाम काढायचं ठरवते, आणि सरकारी मंजुरी मिळण्याआधी त्या जमिनीवर काय काय जगतं ते बघायला आम्हाला पाठवते. मी झाडं बघतो. झाडं पळत नाहीत म्हणूनच मी ते काम पत्करलं. केत प्राणी बघते, आणि पाणथळ कुठून कुठवर आहे ते ठरवते. पैसे देते तीच कंपनी, जिला तिथं काही सापडायला नको असतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आमच्या साहेबांना सांगावं लागत नाही.

केतचं दुखणं इथंच होतं. इतक्या वर्षांत तिनं एकही खोटं वाक्य लिहिलं नाही, आणि तरी तिच्या प्रत्येक अहवालाचा शेवट एकच: प्रकल्पामुळे लक्षणीय परिणाम संभवत नाही. युक्ती साधी असते. पाहणी ऐन उन्हाळ्यात लावायची. तेव्हा पाणथळीला भेगा पडलेल्या असतात, पक्षी उडून गेलेले असतात, कासवं चिखलात खोल दडलेली असतात. जे दिसलंच नाही ते लिहायचं कसं? केत गुडघाभर खड्डा खणून करड्या मातीतल्या तांबूस रेघा दाखवायची. "साहेब, इथं निम्मं वर्ष पाणी असतं. माती सांगतेय." साहेब म्हणायचे, "मग मातीचं लिही ना, नको कोण म्हणतंय?" आणि ती लिहायची. पण खाजगी जमिनीतल्या नुसत्या पाण्याला आमच्याकडे कायदा विचारत नाही. संरक्षित जातीचा प्राणी तिथं राहतो असं दाखवलं तरच भराव थांबतो.

"मग सोडून दे की ही नोकरी," मी एकदा म्हणालो.

"सोडून कुठं जाऊ? दुसऱ्या हापिसात हाच चिखल. आणि मी गेले की माझ्या जागी जो येईल, तो मातीचंही लिहिणार नाही."



नोंग पेतचं, म्हणजे बदकांच्या तळ्याचं, काम आमच्याकडे आलं तेव्हा कागदपत्रं कुठंतरी अडकली, आणि पाहणी पुढं ढकलत ढकलत भर पावसाळ्यात आली. कंपनीला तिथं गोदामं बांधायची होती. नकाशावर त्या जागेचं नाव होतं पडीक भातशेत. प्रत्यक्षात छातीइतकं पाणी, काठापर्यंत कमळं आणि शिट्ट्या घालणारी बदकं. ते बघून केतच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मीच लाजलो. बाई हरखली होती. "उआन," ती म्हणाली, "ह्या खेपेला मला एकदा तरी 'आहे' असं लिहायचंय."

तिनं पिंजरे लावले. गोल कड्यांची जाळी, आत पिकलेलं केळं आणि फणस. वरचा भाग पाण्याबाहेर राहील अशी बांबूला बांधणी, म्हणजे आत शिरलेलं कासव गुदमरत नाही. पण रोज सकाळी निघायचे ते ईल नाहीतर मांगूर मासे, आणि गोगलगाई तर रगड. बदकांबद्दल साहेब म्हणाले, "पंख आहेत ना त्यांना? जातील दुसरीकडे." पाहणीची मुदत संपत आली, आणि केत जेवताना बोलेनाशी झाली.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं. प्रानोम तिचं नाव, सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. आमच्याकडे वाढदिवसाला जीव सोडून पुण्य करतात. दीर्घायुष्य हवं तर कासव. पोटाकडच्या कवचावर ज्याच्यासाठी सोडायचं त्याचं नाव रंगानं लिहायचं, उदबत्ती लावायची, पाण्यात सोडायचं. म्हातारी दर वर्षी केतसाठी बाजारातून कासव आणायची आणि दर वर्षी मायलेकींचं वाजायचं. एकदा तिनं डोंगरातलं कासव नदीत सोडलं.

"आई, ते जमिनीवरचं होतं. बुडून मेलं ते."

"मेलं तर मेलं. सुटलं तर खरं!"

नाहीतर मग देवळातलं सिमेंटचं टाकं ठरलेलं. तिथं शेकडो कासवं एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेली असतात आणि पाणी हिरवं घट्ट असतं. केत त्या टाक्याजवळ उभी राहायची नाही. त्या पावसाळ्यात एकदा मी त्यांच्याकडे शेवया खात बसलो होतो, तेव्हा ती वैतागून आईला म्हणाली, "सोडायचंच असेल तर त्याचं घर असेल तिथं सोड ना! पिवळ्या डोक्याचं कमळकासव घेतलंस तर त्याला कमळं लागतात, चिखल लागतो. माझ्या नोंग पेतसारखी जागा लागते. कधी ऐकशील माझं?" म्हातारी उठली, माझ्या वाडग्यात आणखी मिरची घालून गेली.

पाहणीचे शेवटचे दिवस होते. मी काठावर नमुन्याची पानं कागदात दाबून ठेवत होतो, आणि पाण्यातून हाक आली, "उआन! ए उआन!" मला वाटलं साप चावला. धावलो. माझ्यासारख्यानं धावायचं म्हणजे काय ते मलाच माहीत. केत छातीइतक्या पाण्यात पिंजरा कवटाळून उभी होती आणि हुंदके देत होती. आत काळंभोर, परातीएवढं कमळकासव, डोकं पिवळंधमक. संरक्षित जातीतलं.

"आहे रे," ती म्हणाली. "राहतंय इथं. वाचलं हे पाणी."

आम्ही ते काठावर आणलं. तिनं माप घेतलं, फोटो काढला. मग नर की मादी बघायला उलटं केलं.

पोटावर हिरव्या रंगात लिहिलं होतं: केत, शंभर वर्षं जग. खाली तिची जन्मतारीख. तो वाढदिवस नुकताच होऊन गेला होता. अक्षर गोल, मोठं, म्हातारीचं. आणि रंग त्यांच्या फाटकाचा. डबा मीच आणून दिला होता.

मला हसू आलं. खरंच आलं. मग केतकडे बघितलं आणि थांबलो.

 मी म्हणालो, "खरवडून टाक. कोणाला कळतंय?"

तिनं खिशातली सुरी काढली आणि खरवडायला लागली. रंग कवचाला नीट धरला नव्हता, साल निघावी तसा निघत होता. 'जग' गेलं. 'शंभर वर्षं' गेली. तारीख गेली. फक्त तिचं नाव राहिलं, आणि सुरी तिथं थांबली.

"पी केत, थांबू नकोस आता."

"मंजुरी देणाऱ्या समितीचे लोक येतील. म्हणतील, एकच कसं? आणखी दाखवा. मग काय, आईला रोज बाजारात पाठवू?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"आणि हे आलं कुठून म्हणाले तर? संरक्षित जनावर विकत घेणं गुन्हा आहे. ह्या वयात तिला चौकीत नेऊन बसवू?"

"कोण विचारणार आहे गं?"

"मी विचारतेय ना!" तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "जाड्या, हे इथं राहत नाही. आणून सोडलंय. आजवर एक वाक्य खोटं लिहिलं नाही, एवढंच माझ्याकडे आहे. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

मला संताप आला. "तुझ्या ह्या खऱ्या वाक्यांनी आजवर एक बेडूक तरी वाचला का?"

हे तिला लागलं. लागावं म्हणूनच बोललो होतो, आणि आजही मला वाटतं की बरोबर बोललो होतो. तिनं कासव सुलटं केलं, कडेकडेनं आत चालत गेली आणि कमळांत सोडून आली.

संध्याकाळी मी तिला घरी सोडलं. म्हातारी पालक निवडत बसली होती. केतनं बूट काढता काढता, सहज विचारावं तसं विचारलं, "आई, माझ्या वाढदिवसाला या वेळी काय केलंस?"

म्हातारीला तेच हवं होतं. "सांगणार नव्हते, पण आता विचारलंसच म्हणून सांगते. दोन गाड्या बदलून गेले गं तुझ्या त्या तळ्यावर! टोपलीत हे एवढं धूड. गाडीतला मेला म्हणतो, आजी, रस्सा करणार का? म्हटलं, तुझाच करते. अगदी तू म्हणालीस तसं, कमळांत सोडलं. आता तरी चुकलं नाही ना माझं?"

केतनं मान वर केली नाही. एक बूट हातात तसाच होता.

"नाही आई. बरोबर केलंस."

"मग? म्हातारीला काही कळत नाही म्हणतेस!" आणि माझ्याकडे वळून, "उआन, जेवून जा. किती वाळलास!"

आयुष्यभर आईनं लेकीचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते हे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काय, मिळालं का काही?" केत म्हणाली, "राहणारं काही नाही." साहेब म्हणाले, "उत्तम." अहवाल गेला. शेवटचं वाक्य नेहमीचंच.

भराव टाकण्याआधी पाण्यातले जीव काढून दुसरीकडे न्यायचे असतात, आणि ते कामही केतचंच. मासे, ईल, बेडूक, सगळं टबांत भरून आम्ही कालव्यात सोडलं. कासव पिंजऱ्यात यायला वेळ लागला. सोडलेला जीव परत धरला की ज्याच्या नावानं सोडला त्याचं आयुष्य घटतं असं आमच्याकडे मानतात. मी काही फार मानणारा नाही, तरी म्हणालो, "पी केत, तू हो बाजूला. मी काढतो."

"नको. माझ्या नावाचं आहे," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

न्यायचं कुठं हा प्रश्न होता; कालव्यात ना कमळं, ना चिखल. सरकारी केंद्रात नेलं तर पहिला प्रश्न, कुठून आलं, आणि त्याचं उत्तर म्हणजे आई. मी आसपासच्या एकेका पाणथळीचं नाव घेत गेलो. ती मान हलवत गेली. "तिथं पुढच्या वर्षी रस्ता येतोय. तिथं कारखाना ठरलाय. ते तर आत्ताच बुजवलंय अर्धं." सगळीकडचे अहवाल तिनंच लिहिलेले, त्यामुळे तिला आशा ठेवायलासुद्धा जागा नव्हती. मी गाडी चालवत राहिलो. ती मांडीवर टब घेऊन बसली होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हणाली, "देवळाकडे घे. तिथं कोणी काही विचारत नाही."

नोंग पेतच्या जागी आता निळ्या पत्र्याची गोदामं आहेत. म्हातारीला ते सांगितलेलं नाही. गुडघ्यांमुळे ती तिकडे जाऊ शकत नाही, हे एक बरं.

परवा उपोसथाच्या, म्हणजे बौद्ध उपासाच्या दिवशी तिला देवळात जायचं होतं, म्हणून मी दोघींना घेऊन गेलो. भिक्खूंना वाढून झाल्यावर म्हातारी टाक्याच्या कठड्याला टेकली आणि नाळीच्या भाजीच्या जुडीतले देठ मोडून आत टाकायला लागली. कासवं एकमेकांवर चढत कडेला आली. त्यांत एक काळंभोर, मोठं, पिवळ्या डोक्याचं. म्हातारीनं चुकचुक केलं.

"बघ गं, बिचारं. एवढा देखणा जीव आणि ह्या सिमेंटात सडतोय. कोणी आणून टाकलं असेल! ज्याच्या नावानं टाकलं त्याला काय आयुष्य लाभणार?" मग तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "आपलं तसं नाही. आपलं मजेत असेल कमळांत. हो ना?"

"हो आई," केत म्हणाली, आणि तिनं जुडीतला सगळ्यात कोवळा देठ काढून त्याच्या तोंडापुढे धरला.